दफ्तराची दुसरी प्रत



अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपण कधीं प्रवास केला असेल, तर चौल गांव केव्हां लागलें आणि केव्हां मागें पडलें, हें आपल्या ध्यानांतहि आलें नसेल. दोन्ही अंगांस नारळी-पोफळींच्या वाड्या, मधून मधून एखादें कौलारू घर, रामेश्वराचें देऊळ, टेकडीवर दत्ताचें स्थान. एवढेंच काय तें वाटसरूच्या नजरेस पडतें. परंतु हेंच तें शिलाहारांच्या लेखांतील चेमूल्य आणि अरबांच्या ग्रंथांतील सैमूर. इ. स. ९१५ च्या सुमारास अल्-मसूदी येथें येऊन गेला, पंधराव्या शतकांत निकितिन नांवाचा रशियन व्यापारी येथें उतरला, आणि पुढच्या शतकांत पोर्तुगीजांनीं शेजारीं रेवदंड्यास आपला कोट उभारला. तो १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आला. खाडी गाळानें भरत गेली, व्यापार मुंबईनें ओढून नेला, आणि जेथें जहाजें लागत तेथें आज पोफळी डोलत आहेत.

आजच्या भाषणाचा विषय आहे सरकारी डेटा सेंटरांचा. त्याचा आरंभ चौलासारख्या गांवापासून कां करावा लागतो, तें सांगतों.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. ताशीं शंभर ते एकशें दहा किलोमीटर वेगाचा वारा कांहीं तास वाहिला. माड उन्मळले, पोफळी मधोमध मोडल्या, छपरें उडालीं, विजेचे खांब ओळीनें आडवे झाले आणि टेलिफोनचे मनोरे मुके झाले. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं लागावयास सहा-सात वर्षें जावीं लागतात. एका दुपारीं एका पिढीचें उत्पन्न जमिनीवर पडलें होतें.

मग पंचनामे सुरू झाले. सरकारनें बागांसाठीं हेक्टरीं ५० हजार रुपये आणि दोन हेक्टरांची मर्यादा, असें साहाय्य जाहीर केलें. येथील वाड्या मात्र हेक्टरांत मोजण्याजोग्या नसतात. त्या गुंठ्यांत असतात. दहा गुंठे म्हणजे हेक्टराचा सुमारें दहावा हिस्सा. म्हणजे पांच हजार रुपये. एवढ्या रकमेसाठींहि प्रश्न उभे राहिले ते असे: वाडी कोणाच्या नांवावर आहे? एका सातबाऱ्यावर सहा चुलतभावांचीं नांवें असून त्यांपैकीं चौघे मुंबईस असतील, तर पैसे कोणाच्या खात्यावर जावयाचे? वाडींत पोफळी होत्या, याची नोंद आहे काय? सातबारा हा शब्द आपण सर्वच उच्चारतों. पण तो दोन नमुन्यांचा जोड आहे. गांव नमुना सात सांगतो जमीन कोणाची व किती. नमुना बारा सांगतो तींत काय पिकतें. वाऱ्यानें झाड पाडलें, तरी नमुना बारांत तें उभें असेल तर मालकास कांहीं आशा राहते. तेथेंच तें नसेल, तर त्यानें बोट कोठें दाखवावें?

हा नमुना पूर्वी तलाठ्याच्या दफ्तरांत, लाल फडक्यांत बांधलेला असे. ता. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. घरीं बसून कळ दाबावी आणि कागद हातीं यावा, ही सोय खरोखरच मोठी आहे. तलाठ्याच्या दारीं हेलपाटे घातलेल्या मनुष्यासच तिची किंमत कळेल. परंतु तो कागद येतो कोठून? कोठल्या तरी शहरांतील एका थंड खोलींत लोखंडी मांडण्यांवर रचलेल्या यंत्रांतून. या खोल्या म्हणजेच डेटा सेंटर. आपल्या जुन्या भाषेंत दफ्तरखाना.

या दफ्तरखान्याच्या गरजा चमत्कारिक असतात. कागद वाळवीला भितो, यंत्र उष्णतेला भितें. शेंकडों यंत्रें रात्रंदिवस तापत असतात, म्हणून त्यांना अखंड थंड हवा पुरवावी लागते. वीज दोन निरनिराळ्या वाटांनीं आणावी लागते. ती गेलीच, तर डिझेलचें जनित्र सुरू होईपर्यंतचीं कांहीं मिनिटें सांभाळावयास बॅटऱ्यांची रांग असते. आग लागल्यास पाणी मारून भागत नाहीं, कारण पाण्यानेंहि यंत्र मरतें. म्हणून ती विशिष्ट वायूनें विझवितात. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई महानगराची वीज एकाएकीं गेली, तेव्हां आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. अशा दिवशीं जनित्र वेळेवर चालू होणें, याचेंच नांव व्यवस्था.

आतां आपल्या प्रांताच्या इतिहासांत थोडें मागें जाऊं. १६८९ सालीं रायगड मोगलांच्या हातीं पडला, आणि त्या धामधुमींत गडावरील दफ्तर जळून गेलें, असें इतिहासकार मानतात. शिवछत्रपतींच्या कारभाराचे जे कागद आज आपणांस हवे आहेत, त्यांतील कितीतरी त्या आगींत गेले असतील. पुढें १६९७ च्या सुमारास जिंजीच्या किल्ल्यावर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदानें थोरल्या महाराजांचें चरित्र लिहिलें, तें बव्हंशीं आठवणींच्या आधारानें. राज्य पुन्हा उभें राहिलें. दफ्तर पुन्हा उभें राहिलें नाहीं.

त्याच काळीं, चौलच्या पोर्तुगीज कोटाचा कारभार ज्या गोव्याहून चाले, तेथें दुसरी एक रीति होती. लिस्बन आणि गोवें यांमधील पत्रें मोसमी वाऱ्यांच्या बेतानें जात-येत; म्हणून त्या संग्रहास ‘मोसमी बाडें’ असेंच नांव पडलें आहे. महत्त्वाचें पत्र दोन-तीन प्रतींत लिहून निरनिराळ्या जहाजांनीं धाडीत. एक बुडालें, तर दुसरें पोंचावें. त्या बाडांचा मोठा भाग आज पणजीस आणि कांहीं लिस्बनला आहे. रेवदंड्याच्या तटांवर झाडें उगवलीं, तरी तेथील कारभाराचे कागद अभ्यासकास अजून वाचतां येतात. पोर्तुगीजांच्या राज्याची स्तुति करण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांच्या जुलमाच्या कथा या किनाऱ्यास ठाऊक आहेत. परंतु दुसरी प्रत दुसऱ्या गलबतावर घालावी, हें त्यांस समजलें होतें.

एकविसाव्या शतकांत तरी तें सर्वांस समजलें असावें, असें आपणांस वाटेल. ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन शहरीं सरकारी डेटा सेंटरांत बॅटऱ्या हलविण्याचें काम चाललें असतां आग लागली. सहाशेंहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. टपाल खात्याचे व्यवहार ऐन सणाच्या तोंडावर अडले. आणि सरकारी नोकर आपले कामाचे कागद ज्या साठ्यांत ठेवीत, त्यांतील ८५८ टेराबाइट मजकूर कायमचा नष्ट झाला. एका टेराबाइटांत साध्या अक्षरांचीं कांहीं लाख पुस्तकें मावतात. यावरून हिशेब करावा. साठा फार मोठा, म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर ठेविलीच नव्हती! यंत्रविद्येंत कोरिया हा आपल्यापुढें असणारा देश. त्याची ही अवस्था. आपणहि हंसण्याच्या स्थितींत नाहीं. ता. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला आग लागली, पांच जीव गेले आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फाइलींची राख झाली. ‘कागद संगणकावर घ्या’ ही हांक त्यानंतर मोठ्यानें ऐकूं येऊं लागली.

आपल्या देशाची या बाबतींतली मांडणी अशी. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र १९७६ सालीं निघालें. त्याचीं मोठीं डेटा सेंटरें दिल्ली, पुणें, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथें आहेत. प्रत्येक राज्याचें स्वतःचें डेटा सेंटर असावें, ही योजना केंद्रानें २००८ सालीं मंजूर केली. २०१४ सालीं ‘मेघराज’ या नांवानें सरकारी क्लाउडचा आरंभ झाला. क्लाउड हा शब्द ऐकून पुष्कळांस वाटतें, कीं मजकूर आकाशांत तरंगत असावा. तसें कांहीं नाहीं. पूर्वी प्रत्येक खातें आपलें यंत्र स्वतंत्र घेई. तें बहुतेक वेळ रिकामें बसे, आणि निकालाच्या किंवा हप्ता भरण्याच्या दिवशीं मात्र पुरें पडत नसे. वाडीगणिक एक विहीर खणावी, चार विहिरी अर्ध्या भरलेल्या राहाव्या आणि पांचवी चैत्रांत आटावी, तसें तें होतें. आतां एका मोठ्या विहिरीवर सर्वांचे पाट जोडले; ज्यास जेव्हां लागेल तेव्हां त्याचा पाट मोकळा करावयाचा. हेंच क्लाउड.

ही सुधारणा चांगली आहे, पण तिच्याबरोबर एक नवा धोका येतो, त्याची चर्चा कमी होते. विहीर एक झाली, म्हणजे ती दूषित झाल्यास सर्वच वाड्या मरतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत दोन हजार कोटींहून अधिक देवघेवी झाल्या. रेवदंड्याच्या बाजारांत मासळी विकणारी बाईहि टोपलीजवळ तो चौकोनी ठिपक्यांचा कागद ठेवते. यूपीआय चालविणारी संस्था सरकारी खातें नव्हे, हें खरें. परंतु आधार, जमिनीचे अभिलेख, करांचे हिशेब, अनुदानाच्या याद्या हें सर्व सरकारी यंत्रांवर आहे, आणि रोजचा व्यवहार त्यावर टेकलेला आहे.

तेव्हां आधुनिकीकरण म्हणजे काय? निविदा काढून नवीं यंत्रें घेतलीं आणि फीत कापली, एवढ्यानें काम झालें असें समजण्याची खात्यांची जुनी संवय आहे. यंत्रें तर बदललींच पाहिजेत. पांच-सात वर्षांत तीं जुनीं होतात, आणि त्यांचा उत्पादक त्यांची जबाबदारी सोडून देतो. परंतु माझ्या मतें खरी कसोटी दुसऱ्या प्रतीची आहे. ती दूरच्या शहरीं असावी, एकाच पुरांत किंवा एकाच वीजबिघाडांत दोन्ही सांपडूं नयेत. शिवाय एक प्रत जोडणीपासून अलग असावी. ता. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या यंत्रांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. सुमारें दोन आठवडे तेथील नोंदी हातानें लिहाव्या लागल्या. क्षणोक्षणीं आपोआप होणारी नक्कल अशा प्रसंगीं उपयोगी पडत नाहीं, कारण ती विषाचीहि तितक्याच तत्परतेनें नक्कल करते.

आणि ती प्रत चालवून पाहिली पाहिजे. ता. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार सुमारें चार तास थांबले; दुसरें केंद्र असूनहि त्यावर काम हलविलें गेलें नाहीं. पुढें बाजारांनीं धडा घेतला. शनिवार ता. २ मार्च २०२४ रोजीं मुद्दाम बाजार उघडून, पहिलें सत्र मुख्य केंद्रावर आणि दुसरें राखीव केंद्रावर, असें खऱ्याखुऱ्या पैशांनीं चालवून पाहिलें. जमिनीच्या अभिलेखांची अशी तालीम वर्षांतून एकदां, आधीं जाहीर करून, कां होऊं नये? त्या दिवशीं कांहीं अडेल, लोक कुरकुरतील, वर्तमानपत्रांत टीका येईल. वादळाच्या दिवशीं अडण्यापेक्षां तें स्वस्त आहे.

खाजगी जागा भाड्यानें घ्यावी कीं सरकारनें स्वतः बांधावी, हाहि वाद आहे. याच रायगड जिल्ह्यांत, पनवेलला, जुलै २०२० मध्यें एका खाजगी कंपनीच्या प्रचंड डेटा सेंटरचें उद्घाटन झालें. चौलच्या वाड्यांत मोडलेल्या पोफळी अजून पडून होत्या, तेव्हांची ही गोष्ट! मला भाड्याच्या जागेचें वावडें नाहीं. मात्र किल्ल्या सरकारच्या हातीं असाव्या, आणि बिऱ्हाड हलवावयाचें झाल्यास सामान बाहेर कसें काढावयाचें, हें करारांत आधींच लिहिलेलें असावें. बिऱ्हाडकरूस हें शहाणपण असतें, खात्यांनाहि असावें.

निसर्ग वादळाच्या वेळीं दूरच्या शहरांतील यंत्रें चालू होतीं. चौलांत वीज नव्हती आणि फोन लागत नव्हता, म्हणून त्यांचा उपयोग नव्हता. केंद्रांवर कोट्यवधि रुपये खर्च होतात. खांब, तार आणि मनोरा यांचा हिशेब दुसऱ्या खात्याकडे असतो. किनाऱ्यावरील तारा जमिनीखालून नेणें, हा माझ्या मतें डेटा सेंटरच्याच खर्चाचा भाग धरावा. पण तशी मांडणी करणारा अर्थसंकल्प अजून माझ्या पाहण्यांत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांची कोंकणांत एखादी वाडी, निदान वाडींत हिस्सा असेल. पावसाळ्यापूर्वीं तिचा सातबारा काढून पाहावा. डिजिटल सहीच्या प्रतीस पंधरा रुपये पडतात. वडिलांच्या मागें वारसांचीं नांवें लागलीं आहेत काय, आणि नमुना बारांत नारळी-पोफळी दिसतात काय, हें तपासावें. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारास स्वतःच्या मोबाइलवरून करतां येते; परंतु त्यासाठीं वाडींत जाऊन, झाडासमोर उभें राहून छायाचित्र घ्यावें लागतें. आणि सातबारा हातीं आला, म्हणजे त्याची एक छापील प्रत मुंबईच्या घरीं ठेवावी, दुसरी गांवीं.