शेजारच्या गावचे मुक्तिबोध

आमच्या भिलाईतल्या रुआबांध्यातून दुर्गला जाऊन गाडी पकडली, की नागपूरच्या दिशेला पुढचं मोठं स्टेशन राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 साली हिंदीचे एक प्राध्यापक रुजू झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटायला तेव्हा काही महिने अवकाश होता. प्राध्यापक होते गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत. त्यांच्या समीक्षाग्रंथाला 1979 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. एका घरात दोन भाषांची नवकविता, हे मला फार गमतीचं वाटतं.

मुक्तिबोधांची कारकीर्द म्हणाल तर ओढाताणीची. शाळामास्तरकी, नागपूरला आकाशवाणी, मग ‘नया खून’ साप्ताहिक. एम. ए. झाले उशिरा, आणि कॉलेजातली नोकरी मिळाली ती चाळिशीत. ‘कामायनी’ या हिंदी महाकाव्यावरचं त्यांचं पुस्तक 1961 चं.

पण त्यांचा खरा विचार ‘कलेच्या तीन क्षणां’चा. पहिला क्षण जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला ते ‘फँटसी’ म्हणत. तिसरा क्षण ती शब्दांत आणण्याचा. भिलाईकराला इथे लगेच खनिज, रस आणि साचा आठवणार. मलाही आठवला होता. पण साच्यात ओतलं म्हणून पोलादाची जात बदलत नाही. मुक्तिबोध म्हणतात, शब्दांत येता येता फँटसीच बदलते. भाषा तिच्यात आपलं काही घालते.

हे फक्त कवितेपुरतं नाही. शब्दांच्या जागी रंग ठेवा, कॅमेरा ठेवा. मणी कौल यांनी 1980 साली मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. त्यात सरळ गोष्ट शोधू नका, हाती लागणार नाही. लिहिलेलं पडद्यावर जाताना काय होतं, ते बघा.

मुक्तिबोध 11 सप्टेंबर 1964 रोजी दिल्लीत गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र संग्रहसुद्धा त्यांनी छापलेला पाहिला नाही. अंत्ययात्रेत पंढरपूरला जन्मलेले एक चित्रकार होते, मकबूल फिदा हुसेन. त्या दिवसापासून त्यांनी पायांत चप्पल घालणं सोडलं, असं सांगतात.