ऐकलेले, वाचलेले, पाहिलेले



‘अलीकडे काय वाचलेत?’ हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या माणसाला भेटेल तो विचारतो. पूर्वी उत्तर सोपे असे. पुस्तकाचे नाव सांगितले की झाले. आता मी जरा अडखळतो. गेल्या काही महिन्यांत ज्या कृतींनी मला मनापासून आनंद दिला, आणि एकदोनदा झोपही उडवली, त्यांतली एक मी वाचलीच नाही, ऐकली. दुसरी आधी वाचली, मग पाहिली. तिसरी आधी पाहिली आणि तिच्यामुळे पुस्तकाकडे वळलो. या तिन्हींविषयीची माझी मते आज जशी आहेत तशी आपल्यापुढे ठेवणार आहे. ती माझी मते आहेत, आपण ती मान्य केलीच पाहिजेत असे नाही.

ऐकण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून आमच्या महाविद्यालयात थोडा वादही झाला. आमचा एक विद्यार्थी पहाटे दुधाचा टेंपो चालवतो आणि मग वर्गात येतो. त्याने प्रकल्पासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निवडली आणि मला येऊन विचारले, “सर, मी ती ऐकलीय. टेंपोत. ऐकलेलं वाचल्यात धरता का?” एका सहकाऱ्यांचे मत स्पष्ट होते. ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, असे चालू दिले तर उद्या कोणी पुस्तक हातात धरणार नाही. मी म्हटले, आधी त्याची परीक्षा तर घेऊ.

परीक्षेत काय दिसले ते सांगतो. १९५५ सालची ही छोटीशी कादंबरी, धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तरची. तिच्यातली माणदेशी बोली शहरातून आलेल्या मुलांना वाचताना अडते. या पोराला ती अडली नाही. कानांनी ती बोली सरळ आत घेतली होती. कारभाऱ्याचे बोलणे तो ठसक्यासकट सांगे. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, तो भाग सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. पण मी जेव्हा म्हटले, “मास्तर प्रथम वाडीत येतो ते वर्णन काढ, त्यातले शब्द पाहू,” तेव्हा गडी अडकला. कानाला पाने उलटता येत नाहीत! ऐकलेले पुढे सरकते आणि गेलेली ओळ बोटाने धरता येत नाही. म्हणून मी निकाल दिला तो असा : ऐकलेले वाचल्यात धरायचे, पण ज्यावर लिहायचे ती दहा पाने डोळ्यांनी वाचायची. सहकाऱ्यांना तो पटलेला नाही. मला अजूनही तो योग्य वाटतो.

आणि खरे पाहू जाता, ऐकून शहाणे होणे आपल्याकडे नवीन आहे काय? चातुर्मासात देवळात श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला, की वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. त्या पन्नासांतल्या कित्येकांना अक्षर ओळखता येत नसे, पण अर्थ चुकला तर ते वाचणाऱ्याला थांबवीत. आज तेच काम खिशातला मोबाईल करतो. स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ कंपनीने २०१७ साली भारतात पाऊल टाकले, तेव्हापासून मराठी ऐकीव पुस्तकांना चांगला बहर आला आहे. फरक एवढाच, की पोथी ऐकताना शेजारी माणूस असे. आता कानात बोंडे घालून प्रत्येक जण एकटा ऐकतो. मला हे फारसे आवडत नाही. त्याहून आवडत नाही ते दीडपट वेगाने ऐकणे. मुले तसे ऐकतात आणि वेळ वाचवला म्हणून सांगतात. वाचवलेल्या वेळात काय करतात, हे मी विचारत नाही!

माझ्या आईला अक्षरओळख बेताची, आणि आता नजरही अधू झालेली. तिला मी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ लावून दिली, मोबाईल ताटलीत ठेवून, म्हणजे आवाज मोठा येतो. ती तांदूळ निवडत ऐके आणि मीही जवळ बसे. हे पुस्तक गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण त्याची रचनाच मुळी ऐकण्याची आहे, हे आईशेजारी बसल्यावर मनात ठसले. प्रकरणांना तिथे प्रकरणे म्हटलेले नाही, ‘रात्री’ म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात.

मी आईला एकाच पुस्तकाची दोन वाचने ऐकवली. पहिला वाचणारा गुणी, आवाज कसलेला, पण दुःखाचा प्रसंग आला की हुंदका देणारा. आईने दुसऱ्या दिवशीच सांगितले, “याला बंद कर. हा आपणच रडून घेतो. मग आपण काय करायचं?” दुसऱ्याचे वाचन साधे, घरातला वडीलधारा माणूस वाचतो तसे. ‘अळणी भाजी’ची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती जेवतात, वर छान झाली म्हणतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. हा वाचणारा तिथे क्षणभर थांबला, एवढेच. त्या थांबण्यात आईचा तांदळातला हात थांबला. ऐकीव पुस्तकाविषयी मला जे म्हणायचे आहे ते तिने माझ्याआधी सांगून टाकले आहे. वाचणाऱ्याने पुस्तक पोहोचवायचे, अभिनय करून ते आपल्याआधी भोगून टाकायचे नाही.

आता दुसरी कृती, भीष्म साहनी यांची ‘तमस’. ही हिंदी कादंबरी, तिला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिंदी सोपी आहे. मधून मधून पंजाबी-उर्दू शब्द येतात, ते संदर्भाने कळतात. साहनी मूळचे रावळपिंडीचे, १९४७ च्या दंगली त्यांनी जवळून पाहिलेल्या. पण कादंबरी लिहिली गेली ती वीस-पंचवीस वर्षांनी, आणि तिचे निमित्त आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९७० साली भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर भीष्म साहनी आपले बंधू, नट बलराज साहनी, यांच्याबरोबर तिथे गेले. भिवंडीच्या उजाड गल्ल्यांतून हिंडताना त्यांना रावळपिंडी आठवली, आणि परतल्यावर ते लिहू लागले. पंजाबची कहाणी म्हणून आपण जी वाचतो तिचा उगम असा ठाणे जिल्ह्यात आहे.

कादंबरीचा आरंभ कोणी विसरणार नाही. कातड्याचे काम करणारा गरीब नत्थू एका कोंदट कोठडीत, दिव्याच्या उजेडात, एक डुक्कर मारण्याची धडपड करतो आहे. मुराद अली नावाच्या माणसाने त्याच्या हातावर पाच रुपये ठेवले आहेत आणि जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना डुक्कर हवे आहे असे सांगितले आहे. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. पुढे गावेच्या गावे पेटतात, आणि आपण हे काय करून बसलो या विचाराने नत्थूचे काळीज कुरतडत राहते.

गोविंद निहलानी यांनी यावर मालिका केली आणि दूरदर्शनने ती १९८८ च्या आरंभी दाखवली. सगळे भाग मिळून जवळजवळ पाच तास. तिच्यावर बंदी घाला म्हणून काही जण न्यायालयात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली, आणि बंदी काही आली नाही. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. सलग, समजून अशी ती आता पाहिली, कादंबरी संपवल्यावर लगेच.

वाचलेले आणि पाहिलेले असे लागोपाठ ठेवले की दोहोंचे बळ वेगवेगळे दिसते. नत्थूचेच घ्या. मालिकेत ओम पुरी नत्थू झाले आहेत, आणि त्याला व त्याच्या बायकोला शेवटपर्यंत मोठी जागा दिली आहे. ते स्वाभाविक आहे, इतका मोठा नट असा हातचा कोण सोडील? पण कादंबरीकाराने त्याला जवळजवळ सोडून दिले आहे. शेवटी शहरातून शांततेची बस निघते, घोषणा सुरू होतात, आणि पुढच्या बाकावर कर्णा घेऊन बसलेला माणूस कोण, तर मुराद अली! त्याला ओळखू शकला असता असा नत्थू तोवर मरून गेलेला आहे, हे लेखक जाता जाता सांगतो. मरण कसे आले तेही सांगत नाही. मी ते पान उलटून पुन्हा वाचले. मालिकेने रडवले, पण या पानाने घाबरवले, आणि माझ्या मते इथे कादंबरी सरस आहे.

उलट एक प्रसंग असा आहे की तिथे मालिकेने मला जिंकले. हरनामसिंग आणि त्याची बायको बंतो, दोघे म्हातारे, घर सोडून रातोरात निघतात आणि पहाटे एका अनोळखी मुसलमान घराचे दार ठोठावतात. घरात बायकाच आहेत, पुरुष लुटीला गेलेले. घरची मोठी बाई, राजो, त्यांना आत घेते आणि माळ्यावर लपवते. पुरुष परततात ते एक ट्रंक घेऊन. ती ट्रंक हरनामसिंगचीच! कुलूप तोडायची खटपट चालते, तेव्हा वरून म्हातारा सांगतो, कुलूप कशाला तोडता, ही घ्या किल्ली. राजोची भूमिका सुरेखा सिक्री यांनी केली आहे आणि त्यांना तिच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्या चेहऱ्यावर दया आहे आणि धास्तीही आहे. मदत करते आहे, पण गोड बोलत नाही. आपल्या खेड्यांतून अशा बायका आपण पाहिल्या आहेत. आणि तो हरनामसिंग कोण, ठाऊक आहे? स्वतः भीष्म साहनी. आपणच लिहिलेली किल्ली ते आपल्या हाताने पुढे करतात. हे कोणत्याही पुस्तकात छापता येणार नाही.

पाच तासांत संपणाऱ्या मालिकेविषयी एक शब्द बोलायला हवा. आपल्या घराघरांत संध्याकाळी ज्या मालिका चालतात त्यांना शेवट नसतो. शेवट नाही म्हणजे कोणत्याच गोष्टीला किंमत नाही, कारण मेलेला माणूससुद्धा शंभर भागांनी परत येतो. छोट्या मालिकेच्या लेखकाला कुठे थांबायचे हे आधी ठरवावे लागते, आणि त्यानेच तिला शिस्त येते.

अशीच एक पाच भागांची मालिका, ‘चेर्नोबिल’, २०१९ साली आली. माझ्या भाच्याच्या आग्रहाने मी ती पाहिली. तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमध्ये २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर अणुवीज केंद्राचा स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरात सुमारे एकोणपन्नास हजार माणसे. त्यांना हलवले ते दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिलला दुपारी. तोवर पोरे रस्त्यावर खेळत होती. आणि सूचना कशी मिळाली? घरोघरच्या रेडिओवरून. कागदपत्रे आणि थोडे खाणे बरोबर घ्या, हे स्थलांतर तात्पुरते आहे, अशी. ती माणसे पुन्हा तिथे राहायला गेली नाहीत. आकाशवाणीवर बोलत असताना ही गोष्ट सांगताना मला थोडे जड जाते.

तिच्यातला एक प्रसंग शेतकरी श्रोत्यांसाठी सांगतो. एक म्हातारी गोठ्यात गाय पिळते आहे. तरुण शिपाई येतो, म्हणतो, आजी, निघा. म्हातारी हलत नाही. क्रांती पाहिली, दुष्काळ पाहिला, युद्ध पाहिले, आता डोळ्यांना न दिसणाऱ्या कशासाठी घर सोडू? शिपाई दुधाची बादली ओतून देतो. ती पुन्हा पिळू लागते. तो गाय गोळी घालून मारतो. बस्स, एवढेच. किरणोत्सर्ग म्हणजे काय यावर दहा व्याख्याने दिली तरी एवढे कळणार नाही.

पण शिक्षक बंधुभगिनींनो, इथे सावध राहायला हवे. मालिकेतली शास्त्रज्ञ बाई खोम्युक ही कल्पित आहे, अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक केलेली. मालिका शेवटी ते कबूल करते. खटल्यात शास्त्रज्ञ लेगासोव्ह जे परिणामकारक भाषण करतो, तेही घडलेले नाही, प्रत्यक्षात तो त्या खटल्याला नव्हता. नाटकासाठी असे करावे लागते हे मी समजतो. पण खोटे बोलण्याची किंमत काय, हाच जिचा विषय, तिने हे स्वातंत्र्य घ्यावे, हे मला खटकले. म्हणून मी स्वेतलाना अलेक्सिएव्हिच यांचे चेर्नोबिलवरचे पुस्तक इंग्रजी अनुवादात मिळवले. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले आहे. त्या लोकांकडे जात, तासन् तास ऐकत आणि त्यांचे बोलणे कागदावर उतरवत. आरंभीच एका अग्निशामक जवानाची बायको बोलते. नवऱ्याला शिवू नकोस असे रुग्णालयात तिला बजावले होते, आणि ती ऐकत नाही. मालिकेतही ती आहे. पण पुस्तकात ती आपल्याशी बोलते, मध्ये कोणी नाही. तिथेही पुन्हा कानच कामाला आला आहे, लेखिकेचा.

काही शिक्षकांनी मला विचारले, की वर्गात यातले काय चालेल? ‘चेर्नोबिल’ लहानांना दाखवू नका. ‘तमस’ महाविद्यालयाच्या आधी नको, आणि तिथेही आधी कादंबरी, मग पडदा. प्राथमिक शाळेत मात्र यंत्राची गरजच नाही. आठवड्यातला शेवटचा तास घ्या, मुलांना पुस्तके मिटायला सांगा आणि स्वतः वाचा. सुरुवात ‘अळणी भाजी’पासून करा, सावकाश वाचली तरी एका तासात बसते. वडील जेवून उठतात तिथे जरा थांबा.