आधी चीक, मग ओवा



 जनावरांच्या प्रश्नावरची परिषद परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरी या गावात भरते आहे, हे मला योग्य वाटते. लाल कंधारी आणि देवणी गाय, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही सगळी याच मुलखाची जनावरे. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासून या मुलखात शिकवते आणि संशोधन करते. आजचा विषय आहे वासरे, रेडके आणि करडे यांच्या पोटाचे आरोग्य, आणि त्यासाठी खुराकात द्यायची वनस्पतींपासूनची पूरके: ओवा, लसूण, हळद, पळसाचे बी, वावडिंग, डाळिंबाची साल, बाभळीच्या शेंगा. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या वनस्पतींत गुण आहे, पण त्यांची जागा तिसरी आहे. पहिली जागा चिकाची, दुसरी कोरड्या गोठ्याची आणि योग्य खुराकाची. आणि त्या तिसऱ्या जागेवर बसण्यासाठीसुद्धा वनस्पतीला काट्यावर चढावे लागेल. तिची मात्रा आणि तिचा परिणाम दोन्ही मोजावे लागतील.

गाय, म्हैस आणि शेळी यांच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातल्या पिल्लाकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते जवळपास निःशस्त्र. हे शस्त्र त्याला चिकातून मिळते, आणि आतड्याची ते जसेच्या तसे रक्तात शोषून घेण्याची ताकद पहिल्या सहा तासांत सर्वांत चांगली असते. चोवीस तासांच्या सुमारास ते दार बंद होते. म्हणून पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांतच, असे पशुवैद्यक सांगतात. वीस किलोच्या वासराला दोन लिटर, अडीच किलोच्या करडाला पाव लिटर. आपल्याकडे मात्र वार पडेपर्यंत चीक पाजू नये हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. वार पडायला सहा-आठ तास लागले, तर वासराची सर्वांत मोलाची वेळ त्या वाट पाहण्यात जाते. पहिल्या दिवसाचा चीक खरवसासाठी काढून ठेवण्याची रीतही आहे. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस जरूर करावा, आधी नव्हे. ज्या वासराला वेळेवर चीक मिळाला नाही त्याला पुढे पांढरी हगवण लागली, तर ओवा आणि हळद त्या पहिल्या सहा तासांची भरपाई करू शकत नाहीत.

या क्रमाचा पुरावा परदेशातही मिळतो, आणि तो मी मुद्दाम मांडतो, कारण आज पूरकांचा बाजार वाढला आहे तो तिथल्या घडामोडींमुळे. वाढ वेगाने व्हावी म्हणून निरोगी जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके थोड्या मात्रेत मिसळण्याची पद्धत स्वीडनने 1986 मध्ये बंद केली, आणि संपूर्ण युरोपीय संघात ती 1 जानेवारी 2006 पासून बंद झाली. अशा वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि ते जंतू माणसापर्यंत पोचतात, हे त्यामागचे कारण. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला न जुमानण्याचा गुणधर्म एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे जाऊ शकतो, हे चीनमधील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले. तो त्यांना डुकरांतही आढळला होता आणि रुग्णालयातल्या माणसांतही. भारताने 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. पण स्वीडन आणि डेन्मार्कचा पुढचा अनुभवही ध्यानात घ्यायला हवा. खाद्यातले औषध काढले तेव्हा आईपासून नुकत्याच तोडलेल्या डुकराच्या पिल्लांत हगवण वाढली, आणि उपचारासाठी लागणारी औषधेही सुरुवातीला वाढली. मग पिल्ले उशिरा तोडणे, गोठे कोरडे ठेवणे, खाद्यातली प्रथिने बेताची ठेवणे अशी व्यवस्था बदलली, तेव्हा परिस्थिती सावरली. वनस्पतींच्या पूरकांना तिथे मागणी आली ती या सगळ्याच्या जोडीला. आपल्याकडे पूरकाची बाटली तेवढी येते, व्यवस्था मागे राहते.

आता वनस्पतींकडे येऊ. ओव्यात थायमॉल असते, आणि ते जंतूच्या पेशीचे आवरण भेदते. प्रयोगशाळेत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. पण जनावराचे पोट म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची बशी नाही. थायमॉल पोटाच्या वरच्या भागातच बरेचसे शोषले जाते आणि जिथे हगवणीचे जंतू असतात त्या खालच्या आतड्यापर्यंत थोडेच पोचते. म्हणूनच कारखान्यात त्यावर चरबीचा लेप देतात. शिवाय दूध पिणाऱ्या वासराच्या पोटात एक वेगळी सोय असते. दूध कोटीपोटात न उतरता एका पन्हाळीतून थेट चौथ्या पोटात जाते. म्हणजे ओव्याचा अर्क दुधातून दिला तर तो एका ठिकाणी काम करील, आणि भरड्यातून दिला तर दुसऱ्या. भरड्यातून दिलेला अर्क कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांच्या हाती पडून बदलूनही जाईल. वय पंधरा दिवसांचे की तीन महिन्यांचे, यावर तीच वनस्पती वेगळी वागते. बाभळीच्या शेंगांतल्या आणि डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनचेही तसेच. काही वनस्पतींतले टॅनिन सुक्या चाऱ्याच्या दोन ते चार टक्के असले तर जंतांना आवर बसतो आणि प्रथिने वाया जात नाहीत. पाच टक्क्यांच्या वर गेले की भूक मंदावते आणि पचन बिघडते. आपण ज्याला मूठभर म्हणतो त्यात हे प्रमाण किती, हे हातावरून कळत नाही.

पळसाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण जंतांवर पळसाचे बी द्यावे हे आयुर्वेदालाही ठाऊक आहे आणि गुराख्यालाही. पाकिस्तानातील संशोधकांनी 2006 मध्ये मेंढ्यांवर घेतलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजनाच्या दर किलोमागे तीन ग्रॅम बियांची पूड दिल्यावर दहाव्या दिवशी लेंड्यांतली जंतांची अंडी सुमारे 78 टक्क्यांनी घटली. म्हणजे परंपरा खरी ठरली. पण हिशेब मांडा: वीस किलोच्या मेंढीला साठ ग्रॅम पूड लागली. चिमूटभर देऊन काम झाले असे समजणाऱ्याला हा आकडा सावध करतो. दुसरे असे की जंताचे चांगले औषध अंडी 95 टक्क्यांच्या वर घटवते. तेव्हा पळस हा जंताचा भार हलका ठेवण्याच्या कामाचा; जंतांनी पोखरलेल्या रेडकाला त्याच्यावर सोडता येणार नाही. म्हशीच्या रेडकात तर गोलकृमी आईच्या दुधातूनच शिरतात, आणि म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावेच लागते.

यावर पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा असेल. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले आहे, त्याला आता चाचणी कशाला? पिढीजात ज्ञानाचा मला मनापासून आदर आहे. महिला पशुवैद्यकांनी सुरू केलेल्या अंथ्रा या संस्थेने महाराष्ट्रात आणि आंध्रात पशुपालकांकडचे हे ज्ञान कष्टाने नोंदवले, आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही पारंपरिक पशुवैद्यकातले उपचार दूध उत्पादकांपर्यंत नेले. पण परंपरेच्या आठवणीत वाचलेले वासरू राहते, मेलेले राहत नाही. हगवण पुष्कळदा आपोआप थांबते, आणि आदल्या दिवशी जे पाजले त्याला यश मिळते. वाचलेले आणि मेलेले दोन्ही मोजल्याशिवाय परंपरेतले खरे कोणते आणि योगायोग कोणता, हे वेगळे करता येत नाही. झाडपाल्याने अपाय तरी होत नाही, असेही म्हटले जाते. कांद्याचा भाव पडला की ढिगाने कांदे गुरांपुढे टाकतात. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जनावर दगावू शकते. लसूण त्याच कुळातला आहे. तुरट सालीने शेण घट्ट होते, पण वासरू हगवणीने मरते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. डोळे खोल गेलेल्या वासराला आधी मीठ-साखरेचे पाणी आणि डॉक्टर हवा. काढ्यात गेलेला दिवस त्याला परवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. गोऱ्ह्याला आणि टोणग्याला आता मोल उरलेले नाही, दुधाला आहे. मग त्यांच्या पोटाची एवढी चिंता कोण करील? शेतात ट्रॅक्टर आला, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कडबा महागला, हे सगळे खरे आहे. पण आजची कालवड आणि वगार ही तीन-चार वर्षांनी दूध देणारी गाय-म्हैस असते, आणि पहिल्या तीन महिन्यांत खुरटलेली वगार उशिरा माजावर येते. शेळीत तर हा प्रश्न पडतच नाही. करडू नर असो की मादी, त्याला किंमत आहे, आणि शेळ्या सांभाळणारी बहुतेक घरे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. एक करडू गेले की त्या घराची वर्षाची एक मोठी रक्कम जाते. महागडी बाटली परवडत नाही ती याच घरांना, आणि स्वस्त, खात्रीची वनस्पती सर्वांत उपयोगी पडेल तीही यांनाच. म्हणूनच तिची खात्री करून घेण्याची जबाबदारी मोठी आहे.

ती खात्री कशी करायची, याबद्दल माझा एक प्रस्ताव आहे. उस्मानाबादी शेळी जुळी देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. एकाच आईची, एकाच दुधावरची, एकाच गोठ्यातली, दोन्ही नर किंवा दोन्ही मादी अशी जुळी निवडावीत. महाविद्यालयाने ठरवून दिलेल्या मात्रेचे पूरक कोणत्या करडाला द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे. दुसऱ्याला देऊ नये. दर पंधरा दिवसांनी दोघांचे वजन ताणकाट्यावर करावे, हगवणीचे दिवस वहीत लिहावेत, आणि लेंड्यांचा नमुना परभणीला तपासायला द्यावा. कुणी म्हणेल, एकाच गोठ्यात राहिल्याने एकाचा फायदा दुसऱ्यालाही मिळेल. मिळेल, पण त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा कमी दिसेल, जास्त दिसणार नाही. तरीही फरक दिसला तर तो विश्वासाचा. दोन-चार जुळ्यांनी काही सिद्ध होणार नाही. त्यासाठी गावोगावच्या जोड्या एकत्र मोजाव्या लागतील. लिहिता येत नाही अशा घरात शाळेत जाणारे मूल वही ठेवू शकेल. आणि निकाल ‘उपयोग झाला नाही’ असा आला, तर तोही पुढच्या परिषदेत तितक्याच मानाने वाचला जावा.

या दोन दिवसांत पशुवैद्यकांनी मात्रा ठरवण्यात मदत करावी, आणि ज्यांच्याकडे यंदा शेळ्या गाभण आहेत त्यांनी नोंदणीच्या टेबलावर आपली आणि गावाची नावे द्यावीत, एवढी विनंती करतो.