दंड भरला म्हणजे झाले काय?



या व्यासपीठावरून कायद्याचे तत्त्वज्ञान सांगावयाचे तर वक्ता वकील तरी हवा किंवा प्राध्यापक तरी. आम्ही दोन्ही नव्हे. आमची शाळा नववीपाशी संपली. पुढे कायद्याचे जे काही वाचन झाले, ते लेबर कोर्टाच्या बाकावर, पुकारा होण्याची वाट पाहत. तेव्हा जाणत्यांना काही खटकले तर त्यांनी ते पोटात घालावे.

सुरुवात खेळापासून करतो. 2 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्ग येथे फुटबॉलच्या विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना होता, ऊरुग्वे विरुद्ध घाना. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि दुसऱ्या पाळीवरून सुटलेली दहाबारा मंडळी आमच्या युनियनच्या कचेरीत टीव्हीपुढे बसली होती. एकास एक गोल, जादा वेळही संपत आलेली. घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलात शिरणार, तोच गोलरेषेवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने तो दोन्ही हातांनी परतवला. सुआरेझ गोलरक्षक नव्हता. पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले आणि घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबावर आदळला. रडत रडत बाहेर निघालेला सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी आनंदाने उड्या मारू लागला. पुढे पेनल्टींच्या फैरीत ऊरुग्वे 4-2 ने जिंकला. आफ्रिकेतल्या देशाने प्रथमच उपांत्य फेरी गाठावयाची, ती अशी हुकली. तो मान 2022 साली मोरोक्कोला मिळाला.

कचेरीत एकच गलका उडाला. एक जण म्हणाला, "त्यानं चोरी कुठं केली? सगळ्या जगासमोर हात लावला. नियमात जी शिक्षा आहे ती भोगली. आता त्याच्याकडं देणं काय राहिलं?" कोपऱ्यात प्रेसशॉपमधला एक कामगार बसला होता. तो म्हणाला, "मग आमच्या मालकानं तरी काय वेगळं केलं?"

त्याचे दुखणे आम्हांला ठाऊक होते. त्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसचे गार्ड काढून ठेवीत, कारण गार्ड असला की तासाला नग कमी निघतात. एका पोराची दोन बोटे गेली. खटला झाला, मालकाने गुन्हा कबूल केला, त्याच दिवशी दंड भरला आणि चहाला गेला. दंड त्याच्या खर्चाच्या वहीत तेलपाण्याशेजारी बसला. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये मुळात दंडाची कमाल मर्यादा 500 रुपये होती, 1987 च्या दुरुस्तीने ती लाखावर नेली. रकमेच्या बदलाने वहीतला आकडा बदलला, वही तीच राहिली.

या वहीलाच तत्त्वज्ञानात स्थान आहे. अमेरिकेतील न्यायमूर्ती होम्स यांनी 1897 सालच्या एका व्याख्यानात सुचविले की, कायदा काय आहे हे समजून घ्यावयाचे तर वाईट माणसाच्या नजरेने पाहावे. त्याला एवढेच कळून घ्यावयाचे असते की, अमुक केले तर कोर्ट आपले काय करील. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले. कर आणि दंड, दोहोंतही पैसे जातात. पण कर भरणारा काही चुकलेला नसतो, दंड भरणारा चुकलेला असतो. नियम आपला मानणारी माणसे तो मोडल्यावर काय होईल याचा अंदाज बांधून थांबत नाहीत, त्या नियमाने स्वतःला आणि दुसऱ्याला जाबही विचारतात. होम्स यांनी आमचा मालक बरोबर ओळखला, पण पोराची बोटे गेली त्याचा जाब कुणी विचारावा, हे हार्ट वाचल्यावरच आम्हांला उमगले.

पण म्हणून प्रत्येक जाणूनबुजून केलेला फाउल पाप ठरतो असे नव्हे. बास्केटबॉलमध्ये मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटांत घड्याळ थांबावे म्हणून मुद्दाम फाउल करतो. समोरच्याला फ्री थ्रो मिळतात. दोन्ही संघ हे गृहीत धरतात, कोणी लबाडी म्हणत नाही. तेथे दंडाची खरोखरच किंमत झाली आहे आणि ती दोघांच्या संमतीने ठरली आहे. सुआरेझच्या बाबतीत घानाला कोणी विचारले? त्यांचा गोल घेतला आणि गोलाची संधी परत दिली. रग्बीत असे होत नाही. नियमबाह्य खेळाने हमखास होणारा ट्राय अडवला तर पंच तो ट्राय झालाच असे धरतात. बास्केटबॉलमध्येही बास्केटकडे खाली उतरणारा चेंडू बचावाच्या खेळाडूने अडवला की गुण मिळतात. म्हणजे सुआरेझला दोष देताना फुटबॉलचा कायदा करणाऱ्यांकडेही बोट जाते. त्यांनी चोराला अर्धा माल ठेवून घेऊ दिला. सुआरेझला लाल कार्ड लागले, पुढचा सामनाही मुकला, हे खरे. पण खांबावर आदळलेल्या चेंडूचा भार ग्यानने वाहिला.

येथवर आमचे बोलणे सोपे होते. त्या रात्री तो प्रेसशॉपवाला आमच्याकडे वळून म्हणाला, "आणि दादा, आपण?"

1936 च्या पगार कायद्यात एक कलम होते. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, नोटीस न देता, योग्य कारणाशिवाय काम सोडले तर करारात तशी अट असल्यास मालकाला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. नोटीस दिली तर मालक आधीच माल हलवून ठेवणार, म्हणून एकदा आम्ही नोटीस न देताच काम बंद केले. कमिटीच्या बैठकीत पाटीवर आठ दिवसांचा पगार गुणिले माणसे असा हिशेब मांडून, हे परवडते, असे आम्हीच म्हणालो होतो. संप चार दिवसांत जिंकला. पगार कापला गेला, तो आमचा नव्हे. आम्ही युनियनच्या मानधनावर होतो. ज्याची बायको त्या महिन्यात बाळंत होणार होती, त्यालाही आम्ही विचारले नव्हते.

तो संप चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. गांधीजींनी 1930 साली मीठ उचलले, तेव्हा व्हाइसरॉयला आधी पत्र लिहून कळविले होते आणि तुरुंगात ते स्वतः गेले. आमच्याकडे पत्रही नव्हते आणि कपातीत आमचा वाटाही नव्हता. प्रेसशॉपवाल्याला त्या रात्री आम्ही काही उत्तर दिले नाही, टीव्ही बंद करून कुलूप लावले.

पुढच्या वेळी तसा प्रसंग आला तेव्हा पाटीवरचा हिशेब कागदावर उतरवून गेटवर वाटला आणि खाली लिहिले की, जितके दिवस कापले जातील तितके आमचेही मानधन बंद. कागद परत आले ते मोजायला दोन दिवस लागले. काम बंद करू नये असे म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले. आम्ही नोटीस दिली.