गोलकीपरचा हात आणि लाल कार्ड

या कार्यक्रमात आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, रेशनकार्डातली नावं असं पुष्कळ बोललो. आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका. आपल्या मुली आता शाळेत फुटबॉल खेळतात. मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक आपल्याला पाठ असतं, मग तिच्या खेळाचा नियम का नको?

फुटबॉलमध्ये चेंडूला हात लावायचा नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. हात म्हणजे बगलेच्या खालच्या टोकापासून बोटांपर्यंत. खांदा त्यात येत नाही. आणि हाताला चेंडू लागला की दर वेळी गुन्हा होतो असंही नाही. मुद्दाम लावला, किंवा हात उगाच पसरून अंगाचा आडोसा मोठा केला, तर गुन्हा. हाताला लागून चेंडू थेट समोरच्या गोलात गेला, तर चुकून लागलेला असला तरी तो गोल धरत नाहीत.

गोलकीपरला मात्र सवलत आहे. आपल्या गोलासमोर एक मोठा चौकोन आखलेला असतो, गोलाच्या दोन्ही खांबांपासून बाजूला साडेसोळा मीटर आणि पुढे मैदानात साडेसोळा मीटर. त्याच्या आत ती चेंडू हाताने धरू शकते. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू तिने हातात घ्यायचा नाही, हा नियम 1992 पासून आहे. तसं केलं तर समोरच्यांना फ्री किक मिळते, पण त्यासाठी कार्ड दाखवत नाहीत.

चौकोनाच्या बाहेर आली की ती इतर दहा जणींसारखीच. गटाच्या बैठकीत हे समजेना, तेव्हा आम्ही अंगणात रांगोळीने चौकोन काढला आणि एका मावशींना गोलकीपर केलं. मावशींचे पाय रेषेच्या आत, हात बाहेर, आणि हातात चेंडू. गुन्हा झाला की नाही? झाला. पाय कुठे आहेत ते बघत नाहीत, हात आणि चेंडू जिथे एकमेकांना लागले ती जागा बघतात. रेषा स्वतः चौकोनातच धरली जाते.

ही बैठक घ्यायला कारण घडलं होतं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघाची गोलकीपर. तालुक्याच्या सामन्यात समोरची मुलगी एकटीच चेंडू घेऊन सुटली. ही अडवायला पुढे धावली, आणि डोक्यावरून टोलवलेला चेंडू तिने उडी मारून हाताने थोपवला. पण तोवर ती चौकोनाच्या चांगली बाहेर आली होती. पंचांनी लाल कार्ड काढलं. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं सुरू झालं, की पोरीला मैदानातून हाकलली, काहीतरी वाईट वागली असणार. चुलते म्हणाले, बस झाला खेळ. ताईंनी तिचे बूट माळ्यावर टाकले.

म्हणून लाल कार्ड कशाला मिळतं ते नीट ऐका. बाहेर हात लावला म्हणून लगेच लाल नाही. साधा हात लागला तर नुसती फ्री किक. रंगत आलेली चढाई मोडली तर पिवळं. नक्की होणारा गोल किंवा गोलाची उघड संधी हाताने हिरावली, तरच लाल. संधी उघड होती का, हे ठरवताना पंच गोल किती लांब होता, चेंडू कुठल्या दिशेने चालला होता, तो समोरचीच्या ताब्यात राहिला असता का, आणि अडवायला आणखी कोण होतं, हे बघतात. या मुलीच्या मागे कुणीच नव्हतं, गोल मोकळा होता. पंच बरोबर होते. पण पोरीने शिवी दिली नव्हती, कुणाला मारलं नव्हतं. तिने गोल वाचवायला हात घातला आणि त्याची किंमत संघाने भरली, एक खेळाडू कमी घेऊन.

हे जगातल्या मोठ्या खेळाडूंचंही होतं. 1994 च्या विश्वचषकात, अमेरिकेत, इटलीचा गोलकीपर पाल्युका नॉर्वेविरुद्ध असाच चौकोनाबाहेर येऊन चेंडूला हात लावून बसला. विश्वचषकात लाल कार्ड मिळालेला तो पहिला गोलकीपर. दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. प्रशिक्षकांनी चक्क रॉबर्तो बाज्जोला, आपल्या सगळ्यांत मोठ्या खेळाडूला, बसवलं. दहा जणांच्या इटलीने तो सामना 1-0 ने जिंकला. आणि पाल्युका? बंदी संपल्यावर परत आला, अंतिम सामन्यात इटलीच्या गोलात तोच उभा होता. हे आम्ही ताईंना सांगितलं, चुलत्यांनाही घरी जाऊन सांगितलं. चुलते काही बोलले नाहीत. बूट मात्र माळ्यावरून खाली आले.

बैठकीत एका मावशींनी विचारलं, गोलकीपर सोडून दुसऱ्या कुणी चौकोनात हाताने गोल अडवला तर? तर समोरच्यांना पेनल्टी. शिवाय मुद्दाम अडवला असेल तर लाल कार्ड. चुकून लागला असेल तर 2024 पासून पिवळं. मग आम्ही त्यांना 2010 चा उरुग्वे आणि घाना यांचा सामना सांगितला. जोहान्सबर्गला, जादा वेळेचा शेवटचा क्षण, 1-1 बरोबरी. घानाचा चेंडू गोलात शिरत होता आणि सुआरेझने गोलरेषेवर उभं राहून तो दोन्ही हातांनी परतवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी. ग्यानचा फटका वरच्या दांडीवर आदळला. पुढे पेनल्टींवर उरुग्वे जिंकलं. घाना जिंकलं असतं तर उपांत्य फेरीत जाणारा आफ्रिकेतला तो पहिला संघ ठरला असता.

मावशी भडकल्या. "म्हणजे चोरी करून घर भरलं की! तो गोल सरळ द्यायला नको होता का?" आमच्यात यावर दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, शिक्षा झाली, पेनल्टी मिळाली, ती घालवली तर पंच काय करणार? आमचं मतही तेच, कारण चेंडू रेषा ओलांडून गेल्याशिवाय पंच गोल देऊच शकत नाहीत. मावशींना ते अजून पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, ते आपल्या गटात बोला आणि आम्हाला कळवा.