पडला तर विचार, जिंकला तर माणूस



  

राज्यशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेत अध्यक्षाने विषयाचा वार्षिक आढावा घ्यावा, अशी आपली प्रथा आहे. संघराज्य, आरक्षण, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लांबलेल्या निवडणुका यांवर या वर्षी चांगले निबंध आले आहेत. ते पुस्तिकेत छापले आहेत, आपण वाचालच. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. ती कित्येक वर्षे मनात साठून आहे आणि याच व्यासपीठावरून बोलावी, अशी माझी इच्छा होती.

पुरोगामी विचार उघडपणे मांडून निवडणूक लढवणारा उमेदवार पडला, की आपण लिहितो, ‘समाज अजून तयार नव्हता.’ तोच उमेदवार निवडून आला, की आपण लिहितो, ‘माणूस साधा होता, संपर्क दांडगा होता, जातीची बेरीज जमली.’ म्हणजे पराभव विचाराच्या खाती आणि विजय माणसाच्या खाती. असा हिशेब एखाद्या सोसायटीच्या सचिवाने ठेवला, तर लेखापरीक्षक त्याला घरी पाठवील. आपण मात्र त्यावर पीएच.डी. देतो.

सांगोल्याचे उदाहरण घ्या. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे पहिल्यांदा विधानसभेवर गेले आणि एकूण ११ वेळा निवडून आले. १९७२ मध्ये ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये पडले, १९९९ मध्ये परत आले. या सगळ्या काळात पक्ष तोच, लाल बावटा तोच आणि दुष्काळी तालुक्याच्या हक्काच्या पाण्याची मागणीही तीच. विचार जागचा हलला नाही, निकाल मात्र चार वेळा उलटसुलट झाला. मग १९७२ चा पराभव विचारामुळे झाला, असे कोणत्या तर्काने म्हणायचे? पडण्याचे कारण विचार असेल, तर दोनच वर्षांनी निवडून येण्याचे कारणही तोच धरावा लागेल. खरे म्हणजे १९७२ मध्ये राज्यभर काँग्रेसची लाट होती आणि त्या लाटेत नाना विचारांची माणसे वाहून गेली.

याहून मोठे उदाहरण आपण वर्गात निम्मेच शिकवतो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच उत्तर मुंबईत ते लोकसभेला पडले. हे सांगून आपण विद्यार्थ्यांकडे सूचकपणे पाहतो. पण त्यांना १ लाख २३ हजारांहून अधिक मते मिळाली होती. सुमारे साडेचौदा हजारांनी ते हरले आणि ज्या नारायणराव काजरोळकरांकडून हरले ते काँग्रेसचे होते, म्हणजे ते बिल आणणाऱ्या सरकारच्याच पक्षाचे. त्याच निवडणुकीत अलाहाबादकडे पंडित नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे होते. हिंदू कोड बिलाला विरोध हाच त्यांचा मुद्दा होता. नेहरू सहज निवडून आले. एकच बिल, एकच निवडणूक. बाबासाहेब हरले ते देशव्यापी संघटनेपुढे हरले. ते बिलामुळे हरले, असे म्हणणारा माणूस अर्धाच नकाशा उघडून बसला आहे.

काल दुपारच्या सत्रात दोन सहकाऱ्यांचा जोरदार वाद झाला. एकाचे म्हणणे, मतदार जात पाहतो. दुसऱ्याचे म्हणणे, सर्वेक्षणात पुरोगामी विधानांशी सहमत होणारे मतदार थोडेच निघतात, तेव्हा त्या विधानांचा मतांशी संबंध नाही.

पहिल्या सहकाऱ्याला मी राजापूर लोकसभा मतदारसंघाची आठवण करून देतो. १९५७ पासून नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते यांनी तिथे समाजवादी विचार राखला. दंडवते मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणात त्यांच्यामागे जातीची कोणती फौज होती? तरी ते लागोपाठ पाच वेळा निवडून आले आणि १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही टिकले. १९९१ मध्ये पडले, तेव्हा मात्र आपल्याकडच्या विद्वानांनी लगेच समाजवादाचे मृत्युलेख लिहिले.

दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायला माझ्याजवळ आकडा नाही, एक माणूस आहे. सांगोला तालुक्यात फिरताना एका गावच्या पारावर डाळिंबाची बाग असलेले एक वारकरी गृहस्थ भेटले. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, मत का देता, असे विचारले. ते म्हणाले, “त्येंचं समदं मला पटतंय असं न्हाई. पर माणूस बोललेला शब्द फिरवत न्हाई. उद्या काय बोलणार, ते मला आजच ठावं असतंय. बाकीच्यांचं सांजच्यापत्तुर सांगता येत न्हाई.”

आपल्या प्रश्नावलीत या गृहस्थांची नोंद ‘असहमत’ अशी झाली असती. त्यांचे मत मात्र लाल बावट्याला पडत होते. मतदार विचार पटला म्हणूनच मत देतो, हे आपले गृहीतक कच्चे आहे. तो विचार न पटणाराही त्या विचाराला चिकटून राहणाऱ्या माणसावर विश्वास टाकतो. सातत्य हीच त्याच्या लेखी हमी असते. अडीअडचणीला हा माणूस कुठे उभा राहील, हे त्याला त्यावरून कळते.

आणि आपल्या त्या दुहेरी हिशेबाचे परिणाम काय होतात, हे मी जवळून पाहिले आहे. एक वकील विधानसभेला उभे होते. अंधश्रद्धा निर्मूलनात आणि आंतरजातीय विवाहांच्या पाठीशी त्यांचे आयुष्य गेले होते. पत्रकाचे प्रूफ तपासायला मी छापखान्यात बसलो होतो. त्यांचे निवडणूक सल्लागार आले आणि लाल शाईने तीन ओळी कापल्या. आंतरजातीय विवाह गेला, देवस्थानच्या जमिनी कसणाऱ्या कुळांचा हक्क गेला, मुलींचा जमिनीतला वाटा गेला. त्या जागी एका महाराजांचा फोटो बसला. दोन दिवसांनी एका कोपरासभेत एक बाई पत्रक हातात धरून उभ्या राहिल्या. “भाऊ, माझ्या पोरीच्या लग्नाला सगळी भावकी उलटली, तेव्हा तुम्ही एकटे उभे राहिलात. मग ते यात का नाही?” वकीलसाहेबांना उत्तर देता आले नाही.

ते पडले. ज्यांना त्यांचे विचार नको होते, त्यांना ते पत्रकाशिवायही ठाऊक होते. ज्यांना हवे होते, त्यांचे हात मात्र सैल पडले. आणि सल्लागारांनी अहवालात काय लिहावे? ‘पुरोगामी प्रतिमेमुळे पराभव.’ आधाराला आपल्याच एका संशोधकाचा निबंध जोडलेला होता. मित्रहो, त्या दिवसापासून ही तक्रार माझ्या मनात आहे. आपण लिहितो, त्यावरून कुणीतरी लाल शाईने ओळी कापतो.

पुरोगामी विचार दर वेळी निवडून आणतात, असा माझा दावा नाही. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा दलित वस्त्या जळल्या आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडले. विचाराची किंमत असते आणि ती कधी मतांनी, कधी त्याहून जबर चुकवावी लागते. नुसते भाषणातले विचार तर काहीच कमावत नाहीत. मृणालताई गोरे १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या, त्यामागे गोरेगावच्या नळांसाठी केलेली भांडणे आणि महागाईविरोधातले लाटणे मोर्चे होते. पाणीवाली बाई म्हणून लोकांनी त्यांना निवडले आणि त्याच बाईंनी पुढे विधानसभेत गर्भलिंगचाचणीचा प्रश्न लावून धरला. त्या चाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. हंड्याचा प्रश्न आणि मुलीच्या जन्माचा प्रश्न त्यांच्या राजकारणात वेगळे नव्हते. विचार निवडून येतो तो असा, रोजच्या कामाला बांधलेला आणि कुणी विचारले तर न लपवलेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने २३० च्या वर जागा जिंकल्या. त्याच लाटेत सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचा आणि डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार निवडून आला. डहाणूच्या पाड्यांत शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध उभी केलेली चळवळ १९४५ ची आहे. एवढ्या जुन्या मुळांचा अभ्यास आपल्यापैकी किती जणांनी केला? चॅनेलवर बसून जातींची टक्केवारी सांगायला मात्र आपल्याकडे माणसांची वाण नाही.

म्हणून काही कामे सुचवतो. मतदान केंद्रनिहाय आकडे आणि उमेदवारांची जुनी पत्रके एकत्र ठेवणारा संग्रह कुठल्या तरी विद्यापीठाने करावा. पडलेल्या उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्यात. प्रश्नावल्या नव्याने बांधाव्यात. तपशील तरुण सहकारी ठरवतील, त्यांची तयारी माझ्याहून चांगली आहे.

त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या निवडणुकीनंतर ‘समाज तयार नव्हता’ हे वाक्य लिहायला घ्याल, तेव्हा आधी तपासा, त्या समाजासमोर तो विचार पूर्ण आणि न कापता कुणी ठेवला होता का. ठेवला नसेल, तर हरला तो उमेदवार. विचार अजून निवडणुकीला उभाच राहिलेला नाही.