निवडणाऱ्यांची परीक्षा



अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल संघ महाविद्यालयांतून आपले खेळाडू कसे निवडतात, हा आजचा विषय. त्याच्याशी आपल्याला काय करावयाचे आहे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. पण या विषयाच्या पोटात जो प्रश्न आहे तो घरोघरचा आहे. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाकडे पाहून, हा पुढे काय होईल हे सांगता येते काय? कचेरीत उमेदवार नेमताना आणि मुलीसाठी स्थळ पाहताना आपण हेच करीत असतो. फरक एवढाच की, आपले अंदाज चुकले तर ते घरातल्या घरात राहतात. तिकडे ते चार-पाच वर्षांत लाखो प्रेक्षकांसमक्ष उघडे पडतात. म्हणून या विद्येचा अभ्यास करावयाचा तर ती जागा चांगली.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा फुटबॉल नावापुरता पायाचा. चेंडू लंबगोल, आणि तो बहुधा हातानेच फेकावयाचा किंवा काखेत धरून पळवावयाचा. अकरा-अकरा गडी शिरस्त्राणे घालून एकमेकांवर आदळतात. त्यांत क्वार्टरबॅक नावाचा गडी हा सूत्रधार. समोरून धिप्पाड माणसे अंगावर येत असता, तीन-चार सेकंदांत चेंडू कोणाकडे द्यावयाचा हे त्याने ठरवावयाचे. महाविद्यालये ही या खेळाची तालीम. धंदेवाईक संघांना गडी मिळतात ते तेथूनच.

१९३५ साली या संघांची स्थिती अशी होती की, ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे उत्तम खेळाडू, आणि म्हणून त्यालाच पुन्हा विजय व पुन्हा पैसा. फिलाडेल्फियाच्या दुबळ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी तोडगा सुचविला: जो संघ गेल्या हंगामात तळाला राहिला त्याने पहिली निवड करावी, आणि विजेत्याने शेवटची. जेवणाच्या पंक्तीत आधी उपाशी माणसाला वाढावे, तसा हा न्याय. आपल्याकडे २००८ पासून चाललेल्या आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. येथे बोली नाही, फक्त पाळी. या पद्धतीस ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एक्याऐंशी खेळाडू. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिली होती, आणि परीक्षेची तयारी म्हणाल तर ऐकीव कीर्ती व वर्तमानपत्रांतील मजकूर. पहिला मान मिळाला शिकागो विद्यापीठाच्या जे बरवॅंगर यांना. आणि गंमत अशी की, त्यांनी धंदेवाईक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पगार जमला नाही, त्यांनी दुसरा व्यवसाय धरला. निवड करणाऱ्यांना पहिला धडा पहिल्याच दिवशी मिळाला!

आज संघ बत्तीस आहेत, फेऱ्या सात, आणि एप्रिलअखेर तीन दिवसांत सुमारे अडीचशे तरुणांचे भवितव्य ठरते. त्यामागे वर्षभराची खटपट असते. संघांचे पारखी गावोगावच्या महाविद्यालयांत फिरतात, सामन्यांच्या फिती पुनःपुन्हा पाहतात, गुरूंना व शिक्षकांना गाठून मुलाच्या स्वभावाची चौकशी करतात. मग तीनशेहून अधिक निवडक तरुणांना इंडियानापोलिस शहरात एकत्र बोलावतात. १९८७ पासून हा मेळावा तेथेच भरत आला आहे. तेथे उंची आणि वजनाबरोबर पंजाची लांबीसुद्धा मोजतात. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, पळावयास किती वेळ लागतो हे सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपतात. १०२ किलोचे वजन छातीवरून किती वेळा उचलले, ते मोजतात. डॉक्टर सांधा न् सांधा तपासतात. घोड्यांच्या बाजारात दात पाहतात, त्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

या साऱ्या माहितीवरून प्रत्येक संघ आपली क्रमवार यादी करतो. त्यात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, आपल्या संघात ज्या जागी उणीव आहे तिथला गडी घ्या. दुसरा म्हणतो, उणीव बाजूला ठेवा, आपली पाळी येईल तेव्हा यादीत जो सर्वोत्तम शिल्लक असेल तो घ्या. गरज दरवर्षी बदलते, गुण बदलत नाही. अनुभवी माणसे बहुधा दुसऱ्या पक्षाची असतात, आणि घाबरलेली पहिल्या.

या शास्त्राच्या इतिहासात आपल्या देशातून गेलेल्या एका गृहस्थांचे नाव आहे. १९६०नंतरच्या वर्षांत डॅलस काउबॉइज या संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना वाटले की, हे काम संगणकाकडून करून घ्यावे. त्यांना साहाय्य मिळाले सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाचे. कुरेशींना अमेरिकन फुटबॉलचा गंध नव्हता, आणि त्यामुळेच त्यांनी मूळ दुखणे ओळखले. एका पारख्याचे ‘चांगला’ म्हणजे दुसऱ्याचे ‘बरा’. मग बेरीज करणार कशाची? तेव्हा आधी सर्वांचे शब्द एका मापाला आणले पाहिजेत. ढीगभर गुण गाळून शेवटी पाच कसोट्या उरल्या: चपळाई व शरीरावरील ताबा, जिद्द, बुद्धीची तरतरी, चारित्र्य आणि बळ. श्रोतेहो, या पाचांकडे नीट पाहा. चपळाई आणि बळ तेवढे घड्याळाने व वजनाने मोजता येते. उरलेली तीन माणसाने माणसात पाहावी लागतात. यंत्राला ती आपण सांगू तेवढीच कळतात.

या तिन्हींचे मोल किती, ते ऐका. १९९८ साली दोन क्वार्टरबॅक आघाडीवर होते: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. कोण श्रेष्ठ याबद्दल जाणत्यांत खरोखरीचा वाद होता. मॅनिंग पहिला निवडला गेला, लीफ दुसरा. मॅनिंग त्या खेळाच्या थोर पुरुषांत गणला गेला; लीफचा खेळ चार हंगामांत संपला. पुढे २००० सालचा टॉम ब्रेडी पाहा. चाळीस यार्ड पळावयास त्याला ५.२८ सेकंद लागले, आणि त्या जगात ही मंदगतीच. एकशे अठ्ठ्याण्णव नावे पुकारून झाल्यावर त्याचे नाव आले. त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंड संघाने स्वतःही त्याच्याआधी सहा गडी निवडले होते. म्हणजे त्यांना रत्न दिसले होते असेही नव्हे! या ब्रेडीने सात वेळा विजेतेपद मिळविले. पळण्याचा वेग मोजता आला, म्हणून तो मोजला गेला. संकटात शांत राहण्याची शक्ती मोजता आली नाही, म्हणून ती हिशेबातून सुटली. मापाची ही खोड आपल्या परीक्षांतील गुणांनाही आहे.

एखाद्या उदाहरणावरून सिद्धांत बांधू नये, असे कोणी म्हणेल, तर आकडेही आहेत. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला गडी त्याच्या लगेच पाठच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? शंभरात बावन्न. नाणे उडविले असते तर पन्नास! एवढी यातायात करून पदरी पडले ते दोन गुण. तरीही संघ वरच्या पाळीसाठी जीव टाकतात. १९९०नंतर डॅलस संघाने पाळ्यांच्या अदलाबदलीसाठी एक कोष्टक केले. त्यात पहिल्या पाळीची किंमत ३००० गुण आणि बत्तिसाव्या पाळीची ५९०. ज्याला स्वतःच्या नजरेचा फाजील भरवसा, तो एका पाळीसाठी पाच देऊन बसतो. ज्याला आपले अज्ञान ठाऊक, तो एक देऊन पाच घेतो.

नजर केवळ अपुरीच असते असे नाही, ती कलुषितही असते. १९३४ ते १९४५ या काळात या संघांत एकही कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. पुढे दार उघडले. पण सूत्रधाराच्या जागेला डोके लागते आणि ते काळ्या माणसाकडे नसते, हा ग्रह कित्येक वर्षे टिकला. १९७८ साली वॉरन मून या क्वार्टरबॅकचे नाव एकाही फेरीत कोणी पुकारले नाही. तो कॅनडात गेला, आपल्या संघाला लागोपाठ पाच वेळा विजयी केले, मग अमेरिकेने त्याला परत बोलावले, आणि २००६ साली त्याला फुटबॉलच्या सन्मानमंदिरात स्थान दिले. येथे मापाची चूक नव्हती. मोजावयाचे कोणाला, हेच आधी ठरून गेले होते.

आणि ज्याची निवड होते त्याचे काय? ड्राफ्ट हा शब्द इंग्रजीत सक्तीच्या सैन्यभरतीलाही वापरतात. तरुणाने कोणत्या गावी, कोणासाठी खेळावे हे तो ठरवीत नाही. १९६८ साली निवडलेल्या स्मिथ नावाच्या खेळाडूची मान पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात दुखावली आणि खेळ कायमचा सुटला. मालकी ठरविताना मला सौदा करू दिला नाही, असे म्हणून तो न्यायालयात गेला. आणि १९७८ साली वरिष्ठ न्यायालयाने, तेव्हा चालत असलेली पद्धत मुक्त स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध होती, असा निर्णय दिला. ड्राफ्ट आजही चालतो, तो खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या कराराच्या आधाराने. दुबळ्या संघाला न्याय देण्यासाठी काढलेल्या तोडग्याची किंमत बाविशीतल्या मुलाने मोजावी, हे तेथील विचारी माणसांना अजून खटकते.

तेव्हा निवड करूच नये काय? करावीच लागते, जागा थोड्या आणि माणसे पुष्कळ, हे कोठेही चुकत नाही. पण माप वापरताना ते काय मोजत नाही याची आठवण ठेवावी. एकावर सर्वस्व लावण्यापेक्षा अनेकांना संधी द्यावी. आणि ज्याला आपण नाकारतो त्याच्यासाठी एखादे मागचे दार उघडे ठेवावे. ब्रेडीला सहाव्या फेरीत का होईना, पण आत येता आले. मूनला परदेशी जावे लागले. ज्यांना सहावी फेरीही नव्हती आणि कॅनडाही नव्हता, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. आपल्या शाळांत आणि कचेऱ्यांत अशी नावे किती असतील, याचा विचार घरी जाताना आपण करावा, एवढी विनंती करतो.